‘बोसोझोकू’ : नाव आणि वास्तव

जपानमध्ये १९७० नंतरच्या दशकात, रात्री मोटारसायकलींचे ताफे घेऊन शहरांच्या हमरस्त्यांवरून कर्णकर्कश आवाज करीत जाणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांना ‘बोसोझोकू’ हे नाव मिळाले. ‘बेफाम धावणाऱ्यांची जमात’ असा त्याचा अर्थ होय. या नावातच समाजाने दिलेला निवाडा सामावलेला आहे. त्या निवाड्यापलीकडे जाऊन या तरुणांकडे पाहण्याचे दोन प्रयत्न विशेष विचारार्ह आहेत : यानागिमाची मित्सुओ यांचा १९७६ मधील अनुबोधपट ‘गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर’ आणि सातो इकुया यांचा ‘कामिकाझे बायकर’ हा १९९१ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला ग्रंथ.

यानागिमाचींच्या कृष्णधवल चित्रपटाचा विषय वेग हा असला, तरी त्याचे सामर्थ्य वाहने थांबतात तेथे प्रकट होते. पोलिसांच्या कचाट्यात सापडलेला टोळीतील एक मुलगा आणि त्याचे आईबाप यांच्यातील संबंध येथे दिसतात. रस्त्यावर निर्भय वाटणारा हा मुलगा घरात कोणाचा तरी मुलगाच असतो, एवढे साधे सत्य हा चित्रपट निवाडा न देता सांगतो.

सातो यांनी क्योतो येथील टोळ्यांमध्ये वावरून त्यांचा अभ्यास केला. या वर्तनाचे मूळ केवळ वैफल्यात वा मनोविकृतीत शोधणे त्यांना मान्य नाही. धावण्यातील तल्लीनता, सजविलेली वाहने, युद्धकालीन आत्मघातकी पथकांची आठवण देणारा पोशाख, या सर्वांत ते खेळ आणि विडंबन पाहतात. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास बहुतेक तरुण टोळी सोडून सामान्य संसाराला लागतात, हे त्यांचे निरीक्षण ‘जमात’ या शब्दाचा फोलपणा दाखविते. मात्र ज्या भडक प्रतिमेचे खंडन करावयाचे, तीच ग्रंथाच्या शीर्षकात मिरवावी, ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

खेळाच्या उपपत्तीचीही एक मर्यादा आहे. खेळाडू स्वेच्छेने खेळतो. रस्त्यालगतच्या घरात झोपमोड झालेल्या माणसाला आणि पोलीस ठाण्यातून निरोप आलेल्या आईला ती निवड नसते. धावण्यातील आनंदाची मीमांसा ग्रंथात मिळते. त्या आनंदाची घराला पडणारी किंमत चित्रपटात दिसते. म्हणून ही दोन साधने परस्परपूरक ठरतात.

१९७८ मध्ये जपानी कायद्याने समूहाने धोकादायक रीतीने वाहने चालविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरविला. तरीही १९८२ मध्ये पोलिसांच्या गणनेनुसार या टोळ्यांत सुमारे ४२,००० जण होते. त्यानंतर मात्र ही संख्या पुष्कळच घटली. टोळ्या ओसरल्या, नाव उरले. अशा वेळी अभ्यासकाने नावालाच वास्तव मानले, तर विसाव्या वर्षी निमूटपणे घरी परतलेली ती मुले इतिहासातून कायमची नाहीशी होतील.