साक्षीदार, वऱ्हाडी आणि परीक्षक

मगाशी टेंभी नाक्यावरून चालत येताना मला इथल्या दहीहंडीची आठवण झाली. थर लागत असतात, लाउडस्पीकरवरून बक्षिसाचा आकडा पुकारला जातो आणि खाली उभे असलेले आपण सगळे परीक्षक होतो. सात लागले, आठ लागले, नववा डळमळला! खेळ आहे, स्पर्धा आहे, ते शोभतंही. आता लग्नाला असं बक्षीस लावलं तर काय होईल? आजचा विषय तो आहे.

एक इंग्रजी चित्रपट आहे, 'कॉन्फेटी', २००६चा. दिग्दर्शिका डेबी इसिट. लग्नाविषयीचं एक मासिक स्पर्धा जाहीर करतं : सर्वांत आगळंवेगळं लग्न करा आणि पाच लाख पौंडांचं घर मिळवा. तीन जोडपी निवडली जातात. एकाला जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटासारखं लग्न हवंय, दुसऱ्याला टेनिसच्या मैदानाचा थाट हवाय, आणि तिसरं जोडपं निसर्गवादी, म्हणजे कपड्यांविना राहणारं. सगळं दाखवलंय मॉक्युमेंटरीच्या पद्धतीनं. माहितीपटाचं सोंग म्हणा. पात्रं कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, भांडणं सुरू असताना कॅमेरा दाराआडून डोकावतो. संवाद लिहिलेले नव्हते, नटांनी ते प्रसंगातच रचले.

सोंग हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्याकडे पोलिसाच्या वेषात बहुरूपी दारात यायचा, दरडावायचा आणि मग 'लग्नाला चला' म्हणून आमंत्रण द्यायचा. त्या लग्नातला मांडव, पंगत, आहेर सगळं उलटंपालटं! आम्ही पोरं पोट धरून हसायचो. शिष्टाचाराचं नेमकं वर्म त्याला ठाऊक असायचं. मॉक्युमेंटरी हे तेच काम करते, फक्त पोलिसाच्या खाकीऐवजी कॅमेऱ्याचा वेष.

पण लग्नाच्या विनोदाचा आपला मोठा नमुना वेगळा आहे. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला'. इथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ते पाहिलं असेल. संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस एकटा रंगमंचावर उभा राहायचा आणि बावन्न पात्रं करायचा. मराठवाड्यातल्या खेड्यातलं वऱ्हाड विमानात बसून लंडनला लग्नाला जातं, एवढीच गोष्ट. त्यांच्यानंतर संदीप पाठकनं तो प्रयोग पुढे चालवला.

आता बघा, खेडवळ माणूस आणि विमान, यात हसं करायला कितीतरी वाव आहे. वरून खाली बघत हसायला तर फारच. पण एकच माणूस म्हातारा होतो, पोर होतो, बाई होतो, रुसलेला पाहुणा होतो, तेव्हा कुणाला हसायचं? नट ज्याची टर उडवतो, पुढच्या क्षणी तोच तो होऊन उलटून बोलतो. टर उडवणारा आणि उडवला जाणारा यांचं शरीर एकच. त्यामुळे विनोदाला विष चढत नाही. आणि रंगमंचावर वऱ्हाड दिसत नसल्यामुळे ती जागा हळूहळू आपण भरतो. तासाभरानं प्रेक्षागृहातला प्रत्येक जण वऱ्हाडी झालेला असतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. तिच्याकडे नुसता विक्रम म्हणून पाहिलं गेलं, बावन्नचा आकडा मोजला गेला, हे आपलं दुर्दैव. आकड्यांची आपल्याला फार हौस, बरं का.

'कॉन्फेटी' आपल्याला वऱ्हाडी होऊ देत नाही. ती आपल्याला परीक्षक करते. कुणाचं लग्न जास्त आगळं, कोण जास्त हास्यास्पद, हे आपण सतत तोलत राहतो. स्पर्धेवर टीका करणारा चित्रपट स्वतःच गुण द्यायला लावतो, ही त्यातली खरी गोची. निसर्गवादी जोडप्याच्या बाबतीत ती उघडी पडते. ती भूमिका करणाऱ्या रॉबर्ट वेबनं नंतर जाहीरपणे सांगितलं की पडद्यावर नग्नता धूसर केली जाईल अशी त्याची समजूत होती. ऑलिव्हिया कोलमननंही या अनुभवाबद्दल कडवटपणे बोललंय. संवाद नटांच्या हाती होते, काटछाट नव्हती. देशपांड्यांच्या अंगावरचं वस्त्र मात्र त्यांच्याच हाती होतं.

तरीही या चित्रपटात एक जागा अशी आहे की तिथे मी वाद घालणं सोडतो. तिन्ही लग्नांची व्यवस्था बघणारे दोघे पुरुष, आर्ची आणि ग्रेगरी. ते स्वतः एक जोडपं आहेत. दुसऱ्यांच्या लग्नासाठी धावतात, रडतात, समजूत काढतात. ब्रिटनमध्ये अशा जोडप्यांना नोंदणीचा कायदेशीर हक्क मिळाला तो डिसेंबर २००५मध्ये, म्हणजे चित्रपट यायच्या काही महिने आधी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. दुसऱ्यांचे मांडव सजवणारे, पण स्वतः मांडवाखाली उभं राहता न येणारे लोक आपल्या ठाण्यातही असणारच. स्पर्धेतल्या तिन्ही जोडप्यांना लग्न सहज उपलब्ध आहे, म्हणून ती त्याच्याशी खेळू शकतात.

ऑस्टिन नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं म्हटलंय, काही वाक्यं माहिती देत नाहीत, कृती करतात. लग्नातला होकार हे त्याचं आवडतं उदाहरण. मात्र तेच वाक्य नटानं रंगमंचावर उच्चारलं तर ते पोकळ ठरतं. मग बक्षिसासाठी, कॅमेऱ्यासमोर, तालमी करून उच्चारलं तर? उपवन तलावाकाठी प्री-वेडिंगचं शूटिंग करणारी मुलं बघतो तेव्हा मला हा प्रश्न पडतो. मी त्यांना नावं ठेवत नाही. हौस आहे, करू देत. पण २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयालाही म्हणावं लागलं की हिंदू विवाह म्हणजे नाचगाणं आणि खाणंपिणं नव्हे, आणि विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं विवाह होत नाही.

आता कुणी म्हणेल, सर, तुम्हाला आगळंवेगळं लग्न नकोच दिसतंय. तसं नाही. महाराष्ट्रातली सर्वांत आगळी लग्नं जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं लावली, १८७३पासून. भटजी नाही, आणि जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांचे हक्क मागते. ओतूरच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला, तो थेट हायकोर्टापर्यंत गेला. बक्षीस तर दूरच, इथे गावाचा बहिष्कार पत्करायचा होता! तिथे पाहुणा म्हणून गेलेला माणूससुद्धा काहीतरी पणाला लावत होता. तो साक्षीदार होता. प्रेक्षक झाला असता तर घरी सुखरूप राहिला असता.

माझं स्वतःचं लग्न नोंदणी पद्धतीनं झालं. विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. ऐन वेळी तिसरा आलाच नाही. कचेरीबाहेर एक टायपिस्ट बसायचा, त्याला हाक मारली. त्यानं आमची दोघांची नावं नीट वाचली, हिच्याकडे बघून "तुमची राजीखुशी आहे ना ताई?" असं विचारलं आणि मगच पेन उचललं. तोवर हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता, आमच्या मित्रांनीसुद्धा नाही. सही करून तो पुन्हा मशीनवर जाऊन बसला. गडबडीत त्याला चहा द्यायचा राहिला, ते ही अजून मला ऐकवते.

वेळ झालेली दिसते. प्रश्न घेऊ या.