विज्ञान-छात्राध्यापकांचे अध्ययन आणि प्रश्नावलीची मर्यादा

मार्टन व सेल्यो यांनी १९७६ मध्ये मांडलेला सखोल व वरवरच्या अध्ययनाचा भेद, नेमून दिलेला उतारा वाचलेल्या विद्यार्थ्यांच्या मुलाखतींतून पुढे आला. तो वाचनाच्या रीतीविषयी होता, व्यक्तीविषयी नव्हे. बिग्ज प्रभृतींच्या २००१ मधील वीस विधानांच्या प्रश्नावलीने गुणांकन सुलभ केले; तथापि तिच्या आधारे बी.एड.च्या विज्ञान-छात्राध्यापकांस ‘वरवरचे अध्ययनकर्ते’ ठरविणे अन्यायकारक होय. (टक्केवारीचा मोह संशोधकांस सहसा आवरत नाही.) परीक्षेसाठी ओहमचा नियम पाठ करणारा छात्राध्यापकच सरावपाठात ‘तार जाड घेतली तर?’ या प्रश्नापाशी अडखळतो व पुन्हा पुस्तक उघडतो. एकदाच भरून घेतलेल्या प्रश्नावलीत हे स्थित्यंतर उमटत नाही. सरावपाठानंतरच्या मुलाखती वेळखाऊ खऱ्या. परंतु मूळ संशोधनही मुलाखतींवरच उभे होते.