पटसंख्येच्या मीमांसेतील एक उणीव

ग्रामीण प्राथमिक शाळांच्या घटत्या पटसंख्येविषयी अलीकडे विपुल लेखन होत आहे. त्यातील कारणांची मांडणी बहुधा ठरलेली असते : पालकांचे उत्पन्न, शाळेचे अंतर, हंगामी स्थलांतर, शिक्षकांची रिक्त पदे, इंग्रजी माध्यमाची ओढ. यांतील एकही कारण खोटे नाही. तथापि मुलाची घरची भाषा हा घटक या मांडणीत क्वचितच येतो, आणि आलाच तर ‘माध्यम : मराठी’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण होते. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजाचा परिसर डोळ्यांपुढे ठेवल्यास या उणिवेचे गांभीर्य ध्यानात येते.

हा प्रदेश वऱ्हाडीचा. येथील मूल ‘मला’ न म्हणता ‘मले’ म्हणते, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. जिल्ह्यात बंजारा तांडेही पुष्कळ असून तेथील घरची भाषा गोरमाटी आहे. ती मराठीची बोली नव्हे. तिचे नाते राजस्थानी भाषांशी आहे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात वऱ्हाडी सातव्या खंडात, तर तांड्यांची भाषा नवव्या खंडात आढळते. पहिलीच्या वर्गात मात्र दोन्ही मुलांपुढे एकच पाठ्यपुस्तक येते, आणि पटावर दोघेही ‘मराठी माध्यमाचे विद्यार्थी’ ठरतात.

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत मातृभाषेचा रकाना असतो, आणि शाळा सोडल्याच्या कारणाचाही असतो. पहिल्यात सवयीने ‘मराठी’ व दुसऱ्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिले की काम भागते. अभ्यासक याच नोंदी प्रमाण मानून त्यांवर कोष्टके उभारतो, आणि भाषेचा प्रभाव आढळला नाही असा निष्कर्ष काढतो. जे नोंदलेच नाही ते आढळावे कसे? ‘विद्यार्थ्यांची गळती’ हा शब्दप्रयोगही याच वृत्तीचा द्योतक होय. वस्तुतः गळके असते ते भांडे.

यावर आक्षेप असा येईल, की पहिलीत नाव घातले जाते ते शिक्षक घरोघर फिरतात म्हणून. तेथे भाषेचा संबंध काय? आक्षेप अंशतः मान्य आहे. भाषेचा परिणाम प्रवेशापेक्षा टिकण्यावर अधिक संभवतो. परंतु थोरल्या मुलाचा अनुभव पाहूनच धाकट्याची शाळा ठरते, हे गावात राहिलेल्यास सांगावयास नको. इंग्रजी माध्यमाच्या ‘ओढी’कडेही निराळ्या दृष्टीने पाहावे लागेल. तांड्यावरील कुटुंबाला प्रमाण मराठी व इंग्रजी या दोन्ही शाळेतच शिकावयाच्या भाषा आहेत. शिकावयाचीच आहे तर जिच्या जोरावर नोकरी मिळेल अशी समजूत आहे ती शिकावी, हा हिशेब चुकीचा असू शकेल. पण त्याला भुरळ म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरा दोष पद्धतीचा आहे. पटसंख्या हा केवळ परिणाम मानला जातो. प्रत्यक्षात तो कारणही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वये शिक्षकसंख्या पटावर ठरते : पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट घसरला की पद जाते, एका शिक्षकाकडे अनेक इयत्ता येतात, आणि ते पाहून आणखी मुले जातात. २०१७ साली राज्य शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत पाठविण्याचा निर्णय घेतला, तो याच आकड्याच्या आधारे. उलट, २०११ च्या पटपडताळणीत अनेक नावे केवळ कागदावर असल्याचे उघडकीस आले होते. म्हणजे ज्या आकड्यावर शाळेचे अस्तित्व टांगलेले, तो फुगविण्याचा मोहही त्या टांगणीतूनच उपजतो. तरीही असा आकडा निरपेक्ष मोजमाप म्हणून वापरला जातो.

त्याच कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात शक्य तोवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ते पाळण्यासाठी ती मातृभाषा कोणती हे प्रथम नोंदले पाहिजे. किन्हीराजाच्या परिसरातील एखाद्या शाळेत शिक्षकांनी तांड्यावर जाऊन हा एक रकाना खरेपणाने भरला आणि पाच वर्षांनी तो शाळा सोडल्याच्या रकान्याशेजारी ठेवून वाचला, तर आजवरच्या कोष्टकांची फेरतपासणी करता येईल. त्यासाठी अनुदानाची गरज नाही. नोंदवही शाळेत आहेच.