शंभर मीटरचा नियम आणि उतारावरची शाळा

मोबाइलच्या मनोऱ्याला विरोध होतो तेव्हा मागणी बहुधा एकच असते : मनोरा शाळेपासून दूर न्या. मुंबई महानगरपालिकेच्या 2013 सालच्या धोरणाने या मागणीला आकडा दिला. शाळा व रुग्णालये यांच्या इमारतींवर आणि त्यांच्यापासून 100 मीटरच्या आत मनोरा नसावा, असे त्यात म्हटले होते. त्यामागे मुलांची काळजी आहे, याबद्दल वाद नाही. पण हा नियम विज्ञानाच्या कसोटीला कितपत उतरतो, हे शिक्षकांनी तपासून पाहायला हवे.

प्रथम शब्दाविषयी. ‘मनोऱ्याचा किरणोत्सर्ग’ असे सर्रास छापले जाते. किरणोत्सर्ग होतो तो युरेनियम, रेडियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रातून. मनोऱ्यावरून निघतात त्या रेडिओलहरी. हे एक प्रकारचे प्रारण आहे. अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा निश्चितपणे माहीत असलेला परिणाम म्हणजे उष्णता.

आता अंतराविषयी. अँटेना कंदिलासारखी चहूकडे सारखीच पसरत नाही. मोटारीच्या दिव्याप्रमाणे ती झोत टाकते आणि तो किंचित खाली झुकलेला असतो. 40 मीटर उंचीवरचा झोत 6 अंशांनी झुकलेला असेल, तर त्याचा मध्य सपाट जमिनीला सुमारे 380 मीटरवर टेकतो. पायथ्याशी असलेल्या शाळेच्या डोक्यावरून तो निघून जातो. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात तर सपाट जमीन थोडीच. दरीत मनोरा आहे आणि समोरच्या उतारावर, अँटेनाच्याच पातळीत, 120 मीटरवर शाळा आहे, अशी कल्पना करा. ती थेट झोतात येईल, पण नियम तिला सुरक्षित म्हणेल. पायथ्याच्या शाळेला मात्र धोक्यात धरेल.

झोतात तरी तीव्रता किती? झोताच्या दिशेने 1000 वॅटच्या तोडीचे प्रक्षेपण धरू. 100 मीटर त्रिज्येच्या गोलाच्या पृष्ठफळाने त्याला भागले की दर चौरस मीटरला सुमारे 0.008 वॅट येते. सप्टेंबर 2012 मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. 900 मेगाहर्ट्‌झला ती 0.45 वॅट होती. मनोऱ्यावर अनेक अँटेना असतील तर बेरीज करावी. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून हे गणित जरूर करून घ्यावे.

दुसरी बाब हातातल्या फोनची. मनोरा दूर गेला, संकेत क्षीण झाला, की फोन आपली शक्ती वाढवतो. 900 मेगाहर्ट्‌झच्या जुन्या जीएसएम पद्धतीत ती काही मिलिवॅटपासून 2 वॅटपर्यंत जाते, आणि हा प्रक्षेपक कानाला चिकटलेला असतो! मनोरा दूर सारून मुलाच्या डोक्याजवळचे प्रारण वाढू शकते.

मग शंका निराधारच का? तसे नाही. 2011 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात घातले. त्याचा मुख्य आधार फोन वापरणाऱ्यांच्या अभ्यासांचा होता. 2024 साली जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात फोनचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. शंका विचारणाऱ्या ग्रामस्थांना अडाणी ठरवणे हेही विज्ञानाला धरून नाही. त्यांना मोजमाप मिळाले पाहिजे.

या भागात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. 22 जुलै 2021 रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या वेळी महाड पुराने वेढलेले होते आणि संपर्क तुटला होता. डोंगरातल्या वाडीला मनोरा नसणे हाही धोकाच आहे.

तेव्हा ग्रामसभेने मीटरपट्टी बाजूला ठेवून चार प्रश्न विचारावेत. झोत कोणत्या दिशेला व किती उंचीवर आहे? शाळेच्या खिडकीत प्रत्यक्ष मोजणी किती आली? मनोऱ्याचा पाया उतारावर टिकेल का? वीज गेल्यावर तो किती तास चालेल? केंद्र सरकारने 2017 साली सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ व्यवस्थेत शुल्क भरून मोजणी मागवण्याची सोय आहे. पहिला अर्ज शाळेनेच का करू नये?