अनियत असण्याचा अर्थ : मराठी लघुअनियतकालिके आणि आजचे झीन

साठोत्तरी मराठी साहित्याची चर्चा करताना लघुअनियतकालिकांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. परंतु तो बहुधा कवींच्या नामावलीपुरता मर्यादित असतो. ‘शब्द’मधून दिलीप चित्रे व अरुण कोलटकर पुढे आले, ‘असो’ अशोक शहाणे यांनी चालविले, ‘वाचा’ भालचंद्र नेमाडे यांनी, राजा ढाले व नामदेव ढसाळ याच वातावरणात घडले, एवढे नोंदविले की विषय संपतो. हे अंक कशावर व कसे छापले गेले, त्यांच्या प्रती कोणी कोणाच्या हाती दिल्या, हे प्रश्न मराठी समीक्षेने गौण मानले. अलीकडे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये ‘झीन’विषयी, म्हणजे स्वतः लिहून, स्वतः छापून, स्वतःच वाटावयाच्या छोट्या पुस्तिकांविषयी, उत्सुकता दिसू लागली आहे. त्यांना सुरुवात करून देऊ पाहणाऱ्या अध्यापकाला नेमके या गौण प्रश्नांकडेच वळावे लागते. लघुअनियतकालिक ही साहित्यप्रवृत्ती होती त्याआधी ती निर्मितीची आणि वितरणाची एक रीत होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘झीन’ हे ‘फॅनझीन’ या शब्दाचे लघुरूप होय. अमेरिकेतील विज्ञानकथांच्या चाहत्यांनी १९३० पासून अशी पत्रके काढली आणि १९४० मध्ये त्यांना हे नाव मिळाले. १९७६ मध्ये लंडनच्या मार्क पेरीने पंक संगीतासाठी ‘स्निफिन ग्लू’ काढले, तेव्हापासून या प्रकाराला आजचे रूप आले असे साधारणतः मानले जाते. मुंबईतील ‘शब्द’ मात्र त्याच्या सुमारे दोन दशके आधी, १९५५च्या आसपास, चक्रमुद्रित स्वरूपात निघत होते. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ एवढ्या अभिमानापुरता हा मुद्दा नाही. मराठी विद्यार्थ्याने झीन काढण्यासाठी परकीय नमुन्याकडेच पाहावे अशी सक्ती नाही, हे त्यातून निष्पन्न होते.

चक्रमुद्रणाची कृती आज विस्मृतीत गेली आहे. टंकलेखन यंत्राची फीत बाजूला सारून मेणकागदावर अक्षरे उमटवावयाची, किंवा टोकदार लेखणीने थेट हाताने लिहावयाचे. मेण निघालेल्या जागेतून शाई कागदावर उतरते. खिळे जुळविणारा जुळारी नको, ट्रेडल यंत्र नको, छापखान्याची उधारी नको. परिणामी लेखक आणि कागद यांच्यामध्ये उभा राहणारा संपादकही नको. ‘सत्यकथे’सारख्या प्रतिष्ठित मासिकाची (ते १९८२ मध्ये बंद पडले) संपादकीय चाळणी टाळणे शक्य झाले ते केवळ बंडखोर वृत्तीमुळे नव्हे, स्वस्त साधन हाताशी होते म्हणून. बंगालमधील ‘हंग्री’ पिढीने १९६१ पासून एकपानी पत्रके वाटली. अरविंद कृष्ण मेहरोत्रा व त्यांच्या मित्रांनी अलाहाबादेत १९६५ मध्ये ‘डॅम यू’ हेही चक्रमुद्रितच काढले. साधनातील हे साम्य योगायोगाचे नाही.

‘लिटल मॅगझिन’ या इंग्रजी संज्ञेत केवळ लहानपणा आहे. मराठीने त्यात ‘अनियत’ हे विशेषण घातले. ही भर भाषांतराची हौस म्हणून झालेली नाही. नियतकालिक म्हटले की ठरलेली तारीख आली, वर्गणीदार आले, पाने भरण्याची विवंचना आली; शिवाय १८६७च्या मुद्रणविषयक कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांसमोर करावयाचे निवेदनही आले. अनियत राहिल्याने सांगण्याजोगे काही असेल तेव्हाच अंक काढता येतो आणि नसेल तेव्हा बंद ठेवता येतो. लघुअनियतकालिके ‘अल्पायुषी ठरली’ असा जो शेरा वाङ्मयेतिहासात वारंवार मारला जातो तो म्हणूनच मूळ कल्पनेशी विसंगत वाटतो. त्यांनी दीर्घायुष्याचे वचन दिलेच नव्हते. नवोदिताला पहिला सल्ला द्यावयाचा तो हाच: अंकावर ‘मासिक’ वा ‘त्रैमासिक’ असे लिहू नये.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. एक ए-चार कागद आडवा ठेवून त्याचे चार स्तंभ व दोन ओळी, म्हणजे आठ चौकोन पाडावेत. खालच्या ओळीत डावीकडून सहा, सात, आठ आणि एक ही पाने सुलटी, तर वरच्या ओळीत पाच, चार, तीन आणि दोन ही पाने उलटी येतात. मधल्या आडव्या घडीवर केवळ आतल्या दोन स्तंभांपुरता छेद देऊन कागद दुमडला की पिनेशिवाय आठपानी पुस्तिका तयार होते, आणि छपाई एकाच बाजूची असल्याने प्रती साध्या झेरॉक्सवर निघतात. कडेला अर्धा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. यंत्र तेवढी कड बहुधा खातेच. मजकूर अधिक असल्यास कागद मधोमध दुमडून पाठपोट छपाई करावी. मात्र तेव्हा पानांची संख्या चारच्या पटीत हवी आणि एका बाजूस येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज एकूण पानांहून एकाने अधिक भरली पाहिजे: सोळापानी अंकात एकाशेजारी सोळा, दोनाशेजारी पंधरा. हे गणित चुकले की अंक चुकला. लिहावे शक्यतो हाताने. देवनागरीची जोडाक्षरे टंकलेखन यंत्राच्या मोजक्या कळांत नीट बसत नसत. हाताला ती अडचण कधीच नव्हती, आणि संगणकातील तयार टंकांनी आज सर्वांचे लेखन एकाच चेहऱ्याचे करून टाकले आहे.

वितरणाचा प्रश्न अधिक कठीण आहे. लघुअनियतकालिके हातोहात, मित्रांकडून मित्रांकडे गेली, यातील जिव्हाळ्याचे कौतुक पुष्कळ झाले. त्यातील मर्यादा मात्र क्वचितच बोलली जाते. मित्रमंडळ हाच वितरणाचा मार्ग असेल तर त्या मंडळाबाहेरची व्यक्ती वाचकही होत नाही आणि लेखकही होत नाही. या चळवळीतील नावे पाहता ती जवळजवळ सर्वस्वी पुरुषांची आहेत. १९९१च्या सुमारास अमेरिकेत उदयास आलेल्या ‘रायट गर्ल’ या गटातील तरुणींनी आपल्या झीनांची देवाणघेवाण अनोळखी मुलींशी टपालाने केली. त्यांच्या लेखनाची प्रत सर्वत्र उत्तम होती असे नाही, पण ओळखीबाहेर जाण्याची व्यवस्था त्यांनी उभारली. पन्नास प्रती काढणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांतील निम्म्या तरी आपल्याला न ओळखणाऱ्यांच्या हाती द्याव्यात. वसतिगृहाची खानावळ, गावचे वाचनालय, एस.टी.चा थांबा ही त्यासाठी वाईट ठिकाणे नाहीत.

वाटपासोबत दायित्वही येते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता प्रथम भित्तिपत्रकाच्या रूपात प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये ती बँक कर्मचारी संघटनेच्या, केवळ सभासदांत वाटल्या जाणाऱ्या पत्रिकेत पुनर्मुद्रित झाली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आधीच क्षमायाचना केलेल्या प्रकाशक व मुद्रकाला दोषारोपातून मुक्त केले. कवीला मात्र खटल्यास सामोरे जाण्यास सांगितले. ‘खाजगी वितरणासाठी’ ही ओळ ढाल ठरत नाही, आणि लहान पत्रिकेत लेखक सर्वात उघडा असतो. १८६७च्या कायद्याची जागा १ मार्च २०२४ पासून २०२३च्या कायद्याने घेतली व पुस्तके त्याच्या कक्षेतून वगळण्यात आली. फौजदारी कायदा मात्र प्रतींची संख्या पाहत नाही. विद्यार्थ्याला झीन काढावयास सांगणाऱ्या अध्यापकाने हे आधी सांगणे आवश्यक आहे, लेखन सौम्य करण्यासाठी नव्हे, तर त्याने नाव घालावयाचे की नाही हे जाणतेपणी ठरवावे म्हणून.

त्यापलीकडे अध्यापकाने फारसे करू नये. झीनला उपक्रमाचा दर्जा मिळाला की पहिल्या पानावर प्राचार्यांचा शुभसंदेश येतो, दुसऱ्यावर संपादक मंडळाचे छायाचित्र, आणि जे उरते ते वार्षिकांकच असते. तो आपल्याकडे आधीपासून आहे. महाविद्यालयाचे खरे काम नंतरचे आहे. अंजली नेर्लेकर यांनी २०१६च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कोलटकरांच्या निमित्ताने या छोट्या प्रकाशनांच्या भौतिक रूपाकडे लक्ष वेधले. मुंबईच्या कवींची कागदपत्रे आज अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जतन होत आहेत. आपल्या ग्रंथालयांत मात्र आयएसएसएन नसलेल्या, तारीख नसलेल्या आठपानी कागदाला दाखलनोंदीत रकाना नाही. ग्रंथपालांनी एक साधे खोके ठेवावे, येईल त्या झीनच्या मागे मिळाल्याची तारीख पेन्सिलीने टाकावी व ते त्यात ठेवावे. परवानगी विचारण्याची किंवा निवड करण्याची त्यात गरज नाही.