पट कशाची?

स्तनाच्या कर्करोगावर किरणोपचार घेतले की पुढे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका 'दुप्पट' होतो, असे सांगितले जाते. हा आकडा कॅरोलिन टेलर व सहकाऱ्यांच्या ज्या निबंधात आहे तो २०१७ साली 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी'त आला. आकडा बरोबर आहे, पण निबंध त्यापुढे बरेच काही सांगतो.

७५ चाचण्यांतील ४०,७८१ स्त्रियांची माहिती एकत्र केल्यावर, उपचारानंतर दहा वर्षांनी व पुढे फुप्फुसाचा कर्करोग २.१ पट आढळला. मात्र या चाचण्या जुन्या उपचारपद्धतींच्या. २०१० ते २०१५ मधील प्रकाशित माहितीवरून दोन्ही फुप्फुसे मिळून सरासरी मात्रा ५.७ ग्रे निघते. दर ग्रेमागे धोका ११ टक्क्यांनी वाढतो. गुणाकार केला तर पट सुमारे १.६ येते.

पण पट कशाची? धूम्रपान न करणारीचा मूळ धोकाच लहान, म्हणून भर पडते सुमारे ०.३ टक्के. वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारी व पुढेही ओढत राहणारी असेल तर तीच भर सुमारे ४ टक्के होते. किरणोपचाराने स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू काही टक्क्यांनीच घटतात. तेव्हा तिच्या बाबतीत तोटा फायद्याहून मोठा ठरू शकतो. सिगारेट सोडली तर यातला बराच धोका टळतो. शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

माझे आक्षेप दोन. चाळीस वर्षे लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे बसलेली स्त्री कोणत्या रकान्यात घालायची? त्या धुरालाही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' म्हटले आहे. ती विडी ओढत नाही एवढ्यावरून तिला ०.३ टक्के सांगणे घाईचे होईल.

दुसरा आक्षेप सरासरीला. किरण लागतात ते मुख्यतः त्या बाजूच्या फुप्फुसाच्या पुढच्या पट्ट्याला. तिथे उपचार संपल्यावर साधारण एक ते सहा महिन्यांत दाह होऊ शकतो: कोरडा खोकला, दम, बारीक ताप. निबंधाच्या हिशेबात हा दाह नाही. तोवर बाई घरी परतलेली असते, आणि गावच्या डॉक्टरांना खोकला सांगताना तीन महिन्यांपूर्वीचे 'शेक' सांगायचे राहून जाते. जंतू नसल्याने या दाहावर प्रतिजैविके चालत नाहीत. त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड द्यावे लागते, आणि त्यासाठी आधी निदान व्हावे लागते.