पुस्तकावर लिहावे की बोलावे

मागच्या पावसाळ्यात मी माझ्या भाचीचा एक व्हिडिओ शब्दन्‌शब्द कागदावर उतरवून काढला. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’वर ती बारा मिनिटे बोलली होती. तीन दिवस झड लागलेली, अकोल्याच्या जुन्या शहरातून बाहेर पडायचे म्हणजे मोर्णा नदीचे पाणी कुठवर आले ते आधी विचारायचे, म्हणून घरीच बसून हे काम केले. फुलस्केपची सहा पाने भरली. मग जी वाक्ये फक्त ‘धग’बद्दलच बोलता येतील, दुसऱ्या कुठल्याही कादंबरीला चिकटवता येणार नाहीत, त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. ती सगळी वाक्ये एका पानात मावली असती.

तिला दाखवले, तर ती रागावली नाही. म्हणाली, “मामाजी, आता तुमच्या लेखालेबी हेच करू.” एका मासिकात आलेला माझा ‘धग’वरचा लेख तिने काढला आणि माझीच पेन्सिल घेतली. माझ्या रेघा तिच्याहून जास्त निघाल्या, पण लेखाचा जवळजवळ निम्मा भाग कोऱ्याचा कोरा राहिला. तिथे मी कादंबरीशी बोलतच नव्हतो, प्रादेशिकतेवर पूर्वी कोण काय म्हणाले त्याचा निवाडा करत होतो. मग ती म्हणाली, “अन् येवढा लंबा लेख वाचाले लोकायले टाइम कुठी हाय?”

हा प्रश्न आता एकट्या तिचा नाही. अकोला-अमरावतीकडे वाचणारी जी तरुण मुले भेटतात, त्यांतली बरीच जण हेच विचारतात : पुस्तकांबद्दल काही सांगायचे आहे, तर लिहू की चॅनल काढू? मी पस्तीस वर्षे लिहीत आलो, म्हणून माझे उत्तर त्यांना आधीच ठाऊक असते असे त्यांना वाटते. ते तसे सरळ नाही.

लेखनाची बाजू घ्यायची, तर आमच्याच भागातला दाखला आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर अकोला, खामगाव, जळगाव-जामोद अशा गावी वकिली करत राहिले. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे विनोदकार आणि नाटककार म्हणून ते शाळेत शिकवले जातात. पण ‘तोतयाचे बंड’ किंवा ‘रागिणी’ यांवर त्यांनी केलेली विस्तृत परीक्षणे वाचावीत. पक्षकाराचे कागद तपासावेत तसे ते पुस्तक तपासतात. पुण्या-मुंबईच्या ग्रंथकाराला जळगाव-जामोदसारख्या आडगावच्या वकिलाच्या मताची पर्वा करावी लागे, कारण ते मत छापलेले असे आणि त्याला उत्तर द्यायचे तर छापूनच द्यावे लागे. 1867 पासून चाललेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’सारख्या मासिकांनी मराठीत ही सवय लावली. लेखकाच्या गावात न राहता, त्याच्या ओळखीत नसताना, त्याच्या पुस्तकावर सावकाश आणि सविस्तर मत देता येते, ही ती सवय. वऱ्हाडासारख्या प्रदेशाला तिचा फार उपयोग झाला. सभेत बोलायचे तर सभा जिथे भरते तिथे जावे लागते. लेख टपालाने जातो.

पुढे 1962 मध्ये वसंत दावतरांनी ‘आलोचना’ हे मासिक केवळ समीक्षेसाठी चालवायला घेतले. त्यात परीक्षणाखाली परीक्षकाचे नाव नसे. आज हे सांगितले की मुलांना खरे वाटत नाही. चेहरा नाही, नाव नाही, फक्त युक्तिवाद. तो पटला तर पटला. व्हिडिओच्या अगदी दुसऱ्या टोकाचा हा प्रयोग होता आणि तो बरीच वर्षे चालला.

पण लेखी परीक्षणाची आजची अवस्था व्हिडिओने केली, असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. ‘सत्यकथा’ मासिक 1982 मध्ये बंद पडले. यूट्यूब 2005 मध्ये आले आणि आपल्याकडे खेड्यापाड्यांत स्वस्त इंटरनेट पोचले ते 2016 नंतर. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत आपण लिहिणाऱ्यांनीच परीक्षणाचे काय केले, ते ‘अभिप्रायार्थ’ या एका शिक्क्यावरून कळते. प्रकाशक मासिकाला किंवा वर्तमानपत्राला पुस्तकाच्या दोन प्रती पाठवतो, वर हा शब्द असतो. त्या प्रतींवर पूर्वी परीक्षण येई. मग ‘परिचय’ येऊ लागला, मग ‘दखल’, मग ‘स्वागत’, आणि शेवटी मुखपृष्ठाचे चित्र, पृष्ठसंख्या, किंमत व चार ओळींची ‘पोच’. परीक्षणात पुस्तक कमी पडले कुठे, हे सांगावेच लागते. परिचयात ते सांगायची गरज नसते, आणि लेखक ओळखीचा असला तर सांगायची इच्छाही नसते. मी स्वतः असे परिचय लिहिले आहेत. एकदा एका संपादकाने माझ्या परीक्षणातला कादंबरीच्या शेवटाविषयीचा आक्षेप काढून टाकला आणि उरलेला मजकूर तसाच छापला. मी तक्रार केली नाही. त्याची खंत अजून आहे.

तेव्हा चॅनलवाल्या मुलांनी जे उचलले ते परीक्षण नव्हतेच, तो आपला परिचय होता. लेखकाचा जन्म कुठला, पुरस्कार कोणते, कथानक थोडक्यात, आणि ‘नक्की वाचा’. हा साचा आम्ही घडवला. त्यांनी त्याला चेहरा आणि आवाज दिला.

मात्र व्हिडिओने एक नवी अडचण आणली, ती हिशेबाची. लांब व्हिडिओ करणाऱ्याला यूट्यूबकडून जाहिरातीचे पैसे मिळायचे असतील, तर 1,000 सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत 4,000 तास पाहिले गेल्याची नोंद लागते. भाचीचे बारा मिनिटांचे बोलणे यात बसवून पाहू. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटे. म्हणजे तसे व्हिडिओ वर्षभरात वीस हजार वेळा शेवटपर्यंत पाहिले गेले पाहिजेत. मराठी कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची निघते, आणि ती खपायला कैक वर्षे जातात. ज्या पुस्तकांचे वाचकच हजार-हजार, त्यांवरचे बोलणे वर्षात वीस हजार वेळा ऐकवायचे, तर ज्यांना ती पुस्तके वाचायचीच नाहीत अशांना बोलवावे लागते. मग पुस्तक वाचण्याऐवजी ऐकता येईल असा सारांश द्यावा लागतो, आणि सारांश निघतो तो श्रीमंत कसे व्हावे, यशस्वी कसे व्हावे याच पुस्तकांचा. कवितासंग्रहाचा सारांश काय सांगणार? शिवाय दर आठवड्याला काहीतरी टाकावे लागते. ‘बारोमास’सारखी कादंबरी नीट वाचायची, मनात मुरू द्यायची, पुन्हा चाळायची, तर आठवडा पुरत नाही. यात मुलांच्या नियतीत खोट नाही. घड्याळच चुकीचे लावलेले आहे.

एवढे सांगून मी थांबलो असतो. पण बोलण्याला कमी लेखणे म्हणजे मराठीचाच इतिहास नाकारणे. अचलपूरला जन्मलेले राम शेवाळकर ज्ञानेश्वरीवर, महाभारतावर बोलायला उभे राहिले की ज्यांनी ते ग्रंथ उघडलेही नव्हते अशी माणसे तास-दीड तास जागची हलत नसत. ते सारांश नव्हता सांगत. श्रोत्यांसमोर ते ग्रंथ वाचत होते. शेंडगावच्या गाडगेबाबांचे कीर्तन तर प्रश्नांवर चाले; समोरच्याने उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नसे. कॅमेऱ्याला कोणी उलट उत्तर देत नाही. माझ्या मते वक्त्याच्या सभेत आणि चॅनलवरच्या बोलण्यात खरा फरक इथे आहे. समोर बसलेल्यांपैकी एकाची भुवई वर गेली, तरी शहाणा वक्ता वाक्य दुरुस्त करतो.

आवाजाला कळते ते डोळ्याला कळत नाही, याचा पुरावा मर्ढेकरांच्या कवितेत आहे. ती कविता दुर्बोध म्हणून लोक वर्षानुवर्षे लांब उभे होते. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि अनेकांना तिचा ताल पहिल्यांदा सापडला. अर्थाच्या वाटेवर निदान पाऊल तरी पडले. त्यांनी स्पष्टीकरण जवळजवळ दिलेच नाही. कुठे थांबायचे आणि कुठल्या शब्दावर आवाज खाली आणायचा, हीच त्यांची समीक्षा. दुसरीकडे म. वा. धोंडांनी याच कवितेवर ‘तरीही येतो वास फुलांना’ हे पुस्तक लिहिले. एकेक शब्द उचलून, तो कुठून आला हे शोधत ते जातात. त्यांच्या म्हणण्याची खात्री करायला कविता आणि धोंडांचे पान शेजारी शेजारी ठेवावे लागते, चार वेळा मागे यावे लागते. हे ऐकून जमत नाही. मी प्रयत्न केला आहे : धोंडांचे एक प्रकरण मित्राला मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या पानाला त्याने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतले आणि स्वतः वाचायला लागला.

वऱ्हाडी पुस्तकांना तर आवाज अधिकच लागतो. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. छापील पानावर हे बाहेरच्या वाचकाला अशुद्धलेखन वाटते, फार तर गंमत वाटते. भाचीने माझ्या लेखातल्या एका वाक्यावर बोट ठेवले. ‘धग’मधल्या कौतिकचे नवऱ्याशी बोलणे ‘करवादलेले आणि कोरडे’ आहे, असे मी लिहिले होते. ती पुस्तक घेऊन माझ्या आईकडे गेली. आईचे माहेर तेल्हारा तालुक्यातले, वय एक्याऐंशी. तिचे वाचन म्हणजे रोज पहाटे ‘गजानन विजय’चा एक अध्याय, तोही मोठ्याने. मनातल्या मनात वाचणे तिला येत नाही. कौतिक नवऱ्याला, महादेवला बोलते ते एक पान तिने चष्मा सावरून, पोथी वाचते तसे सावकाश वाचले. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला तिचा आवाज पोथीचा राहिला नाही, घरातला झाला. ते बोलणे कोरडे नव्हते. आळशी नवऱ्याला टोचून बोलताना त्याला उचलून उभे करण्याची जी धडपड असते, ती त्यात होती. शब्दांच्या शेवटच्या हेलात होती. मी ‘धग’ चार वेळा वाचली होती, चारही वेळा मुक्याने.

भाचीने ते मोबाइलवर घेतले. दीड मिनिटाचे आहे. माझ्या सगळ्या लेखापेक्षा ते ‘धग’च्या जास्त जवळ आहे, हे मी इथे लिहून ठेवतो.

तरीही मी तिला म्हटले, आधी लिही. त्याचे कारण महानुभावांच्या रिद्धपूरकडून येते. लीळाचरित्र हा मराठी गद्याचा आरंभ मानला जातो. म्हाइंभटांनी तो कसा केला? चक्रधरांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. म्हणजे मुळात सारे बोलणेच. पुढे मूळ पोथी एका धाडीत नाहीशी झाली, तेव्हा महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. लिहिलेले हरवले आणि तोंडांनी ते वाचवले, हे खरे. पण नव्याने लिहिताना त्यांनी कोणाच्या आठवणीत काय वेगळे होते ते पुसून टाकले नाही. ‘हीराइसा पाठ’ अशी नावानिशी नोंद पोथ्यांत राहिली. त्या नोंदी होत्या म्हणून मलकापूरकडच्या नरवेलला जन्मलेल्या वि. भि. कोलते यांना सातशे वर्षांनी पाठ ताडून 1978 मध्ये लीळाचरित्राची आवृत्ती काढता आली. त्या आवृत्तीवर वाद पेटला, तोही विशिष्ट ओळींवर बोट ठेवूनच.

मला लेखनाकडून हवे आहे ते एवढेच : कोण म्हणाले, कुठल्या पानाच्या आधारावर म्हणाले, आणि मागे जाऊन ते तपासता येते का. पडद्यावरचे लेखनही यात कच्चे पडते. 2014 मध्ये ऑर्कुट बंद झाले, तेव्हा तिथल्या मराठी मंडळींनी पुस्तकांवर वर्षानुवर्षे घातलेले वाद हाती उरले नाहीत. ‘आलोचना’चा बांधीव अंक मात्र जुन्या ग्रंथालयात आजही धूळ झटकून उघडता येतो.

अकोल्यात 1912 मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या आणि 1981 मध्ये गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरले. संमेलनाध्यक्षाचे भाषण आपल्याकडे आधी लिहिले जाते, छापले जाते आणि मग मांडवात बोलले जाते. ऐकणाऱ्याला आवाज मिळतो, भांडणाऱ्याला पान मिळते. भाचीला मी हीच रीत सुचवली. व्हिडिओच्या आधी दोन पाने लिहायची. त्यात पुस्तकातली निदान तीन ठिकाणे पृष्ठांकासह नोंदवायची आणि एक तरी आक्षेप घ्यायचा. ती पाने व्हिडिओसोबत ठेवायची, छापील प्रत वाचनालयाला द्यायची. मग कॅमेऱ्यासमोर कागद न धरता बोलायचे, पण त्या पानांना सोडून नाही. आणि दर आठवड्याला नाही. पुस्तक वाचून होईल तेव्हा.

तिने होकार दिला, पण एक अट घातली. माझा प्रत्येक लेख मी छापायला देण्याआधी आईसमोर मोठ्याने वाचायचा. आईला जिथे कंटाळा येईल तिथे पेन्सिलीने खूण करायची.

सध्या तिच्याकडे ‘बारोमास’ आहे, निम्मी झाली आहे. मी ‘धग’चा लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. ‘करवादलेले आणि कोरडे’ हे शब्द खोडले. त्यांच्या जागी काय लिहावे ते अजून ठरत नाही, म्हणून ते दीड मिनिट मी पुन्हा पुन्हा लावून ऐकतो आहे.